गाण्यातला बाबा आणि आपल्या घरातला बाबा

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, संदीप खरे यांनी लिहिलेलं आणि सलील कुलकर्णी यांनी संगीत दिलेलं 'दमलेल्या बाबाची कहाणी' हे गाणं तुम्ही ऐकलंच असेल. ते ऐकताना डोळे का भरून येतात, याचा कधी विचार केलाय का?

त्यात नुसतं प्रेम नाही, प्रेमाला अपराधीपण चिकटलेलं आहे. ज्या लेकीसाठी राबायचं, तिलाच वेळ देता येत नाही. बाबा उशिरा घरी येतो, तेव्हा लेक हिरमुसून झोपलेली असते. माफी मागायचीही त्याला लाज वाटते. मनातलं सगळं तो बोलतो, पण झोपलेल्या लेकीशी!

आपल्या गंगापूर तालुक्याला हे नवीन नाही. वाळूजच्या एमआयडीसीतून सेकंड शिफ्ट करून बाप येतो तेव्हा लेकरं झोपलेली, आणि लेकरं शाळेत निघतात तेव्हा बाप झोपलेला. मग मनाला रुखरुख लागते आणि लेकराच्या हातात मोबाईल दिला जातो. लेकराला वस्तू मिळते, बापाच्या मनातलं मात्र कळत नाही.

पालकांनो, गाण्यातला बाबा झोपलेल्या लेकीला जे सांगतो, ते तुम्ही जाग्या लेकराला सांगा. सुट्टीच्या दिवशी पाच मिनिटं पुरतात.

शिक्षकांनो, वर्गात हे गाणं ऐकवलं तर 'कुणाचे बाबा उशिरा येतात?' असं विचारू नका. ज्याला बाबाच नाहीत, असंही लेकरू वर्गात असू शकतं. 'गाण्यातली मुलगी जागी झाली तर बाबाला काय म्हणेल?' एवढंच लिहायला द्या. उत्तरं मनापासून वाचा, गुण मात्र देऊ नका.