मुक्कामाची जागा कशी निवडावी?
वाशीमच्या डोंगरात आणि नदीकाठी एक रात्र

वाशीम जिल्ह्याला कोणी फिरायला जा म्हणून सांगत नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा लोकांना ठाऊक आहे तो सोयाबीन, तूर आणि कापसासाठी. मंगरूळपीरला हजरत हयात कलंदर यांच्या दर्ग्यावर लोक येतात, कारंजाच्या जुन्या वेशी पाहायला एखादा थांबतो, बाकीचे समृद्धी महामार्गाने सरळ पुढे निघून जातात. पण जिल्ह्याचा नकाशा उघडून नद्यांच्या रेघा पाहिल्या, तर इथल्या जमिनीची गंमत कळते.

अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पूर्वेकडचे फाटे या जिल्ह्यातून जातात. उंच कडे नाहीत. बुटक्या टेकड्या, माळ आणि मधूनमधून सागाचे जंगल. या उंचवट्यावर पडलेले पाणी दोन दिशांना जाते. काटेपूर्णा उत्तरेकडे वाहते, पूर्णेला मिळते आणि तापीच्या वाटेने अरबी समुद्राला पोहोचते. दक्षिणेकडची पैनगंगा वर्धेला मिळते, पुढे प्राणहिता आणि गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागरात जाते. अडाण नदी याच जिल्ह्यात उगम पावून पैनगंगेकडे धावते. एकाच पावसाचे पाणी टेकडीच्या अलीकडे पडले की एका समुद्राचे, पलीकडे पडले की दुसऱ्याचे. अल्लाहची कारागिरी पाहायला फार लांब जावे लागत नाही.

नाताळच्या सुट्टीत आम्ही तीन घरांनी ठरवले की या भागात एक रात्र उघड्यावर, तंबूत काढायची. आम्ही अकरा जण. सर्वांत मोठ्या अम्मी, वय ७१, दोन्ही गुडघे दुखरे. सर्वांत लहान चार वर्षांचा. मध्ये तीन शाळकरी मुली, ज्यांनी चांदण्यांखाली झोपणे फक्त पुस्तकात वाचले होते. जायचे ठरायला पाच मिनिटे लागली, कुठे थांबायचे हे ठरायला तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत जे शिकलो, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

तरुण मंडळींनी आधी नजारा पाहून जागा सुचवल्या. पहिली काटेपूर्णा अभयारण्याची. सुमारे ७३ चौरस किलोमीटरचे हे जंगल अकोला आणि वाशीम या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. चौसिंगा आणि भेकर ही तिथली ओळख, आणि मध्ये अकोला शहराला पाणी पुरवणारा काटेपूर्णा जलाशय. दुसरी कारंजा-सोहळ अभयारण्याची. ते लहान, सुमारे १८ चौरस किलोमीटर. गवताळ माळ आहे आणि काळविटांसाठी राखलेला आहे. तिसरी एकबुर्जी धरणाची. वाशीम शहराच्या अगदी जवळ. चौथी पैनगंगेच्या पात्रातल्या वाळूची.

एकेक जागा आम्ही तपासली. अभयारण्यात मनात आले म्हणून तंबू ठोकता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे आत जाण्यासाठीसुद्धा वन विभागाची परवानगी लागते, आणि राहायचे असेल तर विभागाने ठरवून दिलेल्या जागीच. हा नियम त्रास देण्यासाठी नाही. काळवीट पहाटे आणि संध्याकाळी चरते. आपली चूल, दिवे आणि पोरांचा गलका त्याच्या दारात नेणे बरे नव्हे. ही दोन्ही ठिकाणे दिवसा, परवानगीने पाहावीत असे आम्ही ठरवले. एकबुर्जीचे पाणी वाशीमकर पितात. अकरा माणसांनी रात्रभर त्याच्या काठी राहायचे म्हटले तर सकाळी शौचाला कुठे जायचे, हा प्रश्न विचारताच ती जागाही बाजूला पडली. पाणवठा, रस्ता आणि लोकांची सावली या तीन जागी घाण करण्यापासून हदीसमध्ये सक्त मना केले आहे.

नदीच्या वाळूचा मोह सर्वांत मोठा होता. वाळू मऊ, समोर पाणी, वर आभाळ. पण पैनगंगेवर या जिल्ह्यात बॅरेजची मालिका आहे. वरून पाणी सोडले की खाली कोरड्या पात्रात झोपलेल्याला सांगायला कोणी येत नाही. विदर्भात हिवाळ्यातही अवकाळी पाऊस होतो, गारा पडतात. पाऊस वर डोंगरात पडतो आणि लोंढा इथे येतो. शिवाय सहीह मुस्लिममध्ये प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची प्रवाशांना ताकीद आहे की रात्री मुक्काम कराल तर वाटेपासून बाजूला व्हा, कारण रात्री ती जनावरांची आणि सरपटणाऱ्या जिवांची जागा असते. नदीचे पात्र ही जनावरांची वाटच आहे. रानडुक्कर, रोही, कधी बिबट्या, सगळे पाण्याला तिथूनच उतरतात.

चारही जागा गेल्यावर मुले हिरमुसली. तेव्हा मोठ्या आपांनी एक साधी गोष्ट विचारली : "अम्मींना कोणी विचारलं का?"

कोणी विचारले नव्हते. अम्मी येणार हे सर्वांनी धरून चालले होते. विचारल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या बेटा. मला रात्री दोनदा उठावं लागतं. जंगलात कुठं जाणार मी?" मग हळूहळू कळले की लांबच्या प्रवासाला निघायचे असले की अम्मी आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितात. लग्नाला जाताना, बसमध्ये, रेल्वेत, वर्षानुवर्षे. आपांनी सांगितले की त्याही तेच करतात. मग आठवीतली मुलगी म्हणाली की शाळेच्या सहलीला तीही पाण्याची बाटली भरलेलीच परत आणते. घरातले पुरुष गप्प झाले. तिथून पुढे आमच्या निवडीचा क्रम उलटा झाला. ज्याला सर्वांत जास्त अडचण, त्याची गरज आधी, नजारा शेवटी.

ही काही आमची नवी अक्कल नाही. अबू दाऊदच्या हदीसमध्ये आहे की प्रेषित (सल्ल.) प्रवासात काफिल्याच्या मागे राहत, मागे पडलेल्या अशक्ताला पुढे चालवत, कोणाला आपल्या मागे बसवून घेत आणि सर्वांसाठी दुआ करत. काफिल्याची चाल अशक्ताच्या पावलाने ठरावी, तसा काफिल्याचा तळही त्याच्या सोयीने ठरावा. जागेबद्दल मश्वरा करण्याचीही सुन्नत आहेच. हिजरी सन २ मध्ये बद्रला मुक्काम पडला, तेव्हा हजरत हुबाब बिन मुन्जिर (रजि.) यांनी अदबीने विचारले की ही जागा अल्लाहच्या हुकुमाने निवडली आहे की हा तुमचा विचार आहे? विचार आहे असे कळल्यावर त्यांनी पाण्याच्या विहिरींजवळची जागा सुचवली आणि प्रेषितांनी (सल्ल.) तळ हलवला, असे सीरतच्या ग्रंथांत आहे. ज्यांच्यावर वही येत होती त्यांनी जागेबाबत दुसऱ्याचे ऐकले. मग घरातल्या बायकांना न विचारता आपण कसे ठरवणार?

अमेरिकेत मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या डोंगराळ भागात सरकारी उद्यानांमध्ये आखून दिलेले तळ असतात. प्रत्येकाला क्रमांक, जवळ पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह. तिथले कुटुंबवाले लोकही आधी हेच पाहतात की नळ किती पावलांवर आणि स्वच्छतागृह किती पावलांवर. आपल्याकडे असे तळ क्वचितच मिळतात. पण आपल्याकडे शेते आहेत आणि ओळखीपाळखी आहेत.

अब्बांच्या धान्य-अडतीच्या दिवसांतले एक शेतकरी काका आहेत. पैनगंगेच्या काठापासून साधारण अर्धा किलोमीटर वर, उंचवट्यावर त्यांचे शेत. विहीर, मोटार, एक खोली आणि खोलीला लागून पक्के शौचालय. फोन केला तर म्हणाले, "विचारता कशाला, या की. फक्त किती जण ते सांगा, म्हणजे टाकी भरून ठेवतो." अम्मींना सांगितले, शौचालय तंबूपासून वीस पावलांवर आहे आणि वाटेत दिवा आहे. त्यांनी आपली शाल बॅगेत भरली.

काका माळकरी आहेत. त्यांच्या शेतात मांसाचे पातेले चढवायचे नाही, हे आम्ही घरूनच ठरवून निघालो. वऱ्हाडात शेतातल्या जेवणाला रोडगे आणि वांग्याची भाजी यापेक्षा चांगले काय असते? गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजले, तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडल्या, काकांनी हुरडा दिला. दस्तरखान अंथरले तेव्हा काका-काकूही आमच्यासोबत बसले.

तंबूच्या जागेबद्दल काकांनी जे दाखवले ते कोणत्याही पुस्तकात सापडले नसते. काळ्या मातीत तंबू लावायचा नाही. भेगांत विंचू असतो आणि चार थेंब पडले तर पाय निघत नाही. मुरमाड जागा घ्यायची, थोडी उतरती, म्हणजे पाणी साचत नाही. बांधाजवळ, दगडांच्या ढिगाजवळ आणि कडब्याच्या गंजीजवळ झोपायचे नाही. उंदीर तिथे आणि घोणसही तिथेच. झाडाखाली लावायचा तर आधी वर पाहून वाळलेली फांदी आहे का ते बघायचे. सागाच्या सावलीवर भरवसा ठेवायचा नाही, उन्हाळा लागता लागता पाने गळून जातात. आणि सर्वांत महत्त्वाचे : अंधारात दुसऱ्याच्या शेतात पाऊल टाकायचे नाही. डुकरांपासून पीक वाचवायला काही जण तारेत वीज सोडतात. ते बेकायदा आहे, पण तार अंधारात दिसत नाही. मुलांना शेताची हद्द दिवसाउजेडी फिरून दाखवली.

नमाजेबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला म्हणून लोक सूर्य बुडाला तिकडे तोंड करतात. पण डिसेंबरात सूर्य नैऋत्येकडे सरकून मावळतो आणि वाशीमहून किब्ला ठीक पश्चिमेपासून थोडा उत्तरेकडे आहे. दोन्हींत तीसहून जास्त अंशांचा फरक पडतो. म्हणून होकायंत्र पाहून दिवसाच एक दोरी आखून ठेवावी. दुसरे, घराजवळ मुक्काम केला म्हणून कस्र होत नाही. हनफी आलिमांच्या मते सुमारे ७७-७८ किलोमीटरच्या प्रवासावरच कस्र लागू होते. आम्ही तासाभराच्या वाटेवर होतो, नमाज पूर्ण पढली. विहिरीचे पाणी होते, तेव्हा थंडी आहे म्हणून तयम्मुमचे निमित्तही नव्हते. वुजूसाठी चुलीवर एक हंडा तापत ठेवला, एवढेच.

रात्री तंबू एकमेकांना लागून लावले. सहाबा मुक्कामाला दऱ्याखोऱ्यांत विखरून थांबत, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना तसे करू नये म्हणून सांगितले, पुढे ते इतके जवळ थांबू लागले की सर्वांवर एक चादर पांघरता येईल असे म्हटले जाई. मधल्या तंबूत अम्मी आणि मुली. झोपण्याआधी विस्तव पाणी टाकून पुरता विझवला; झोपताना आग विझवण्याचीही हदीस आहे. मुलींनी नव्या जागी उतरल्यावर पढायची दुआ म्हटली, जी हजरत खौला बिन्त हकीम (रजि.) यांनी सांगितली आहे आणि जिच्यात अल्लाहच्या परिपूर्ण शब्दांचा आसरा मागितला आहे. मग त्या बाहेर सतरंजीवर पडून तारे मोजत राहिल्या. अम्मीही त्यांच्यात होत्या. त्यांनी दोन पेले पाणी मागून घेतले आणि वर चहासुद्धा.

फज्रनंतर धुके उतरले आणि खाली पैनगंगेची रेघ दिसू लागली. सूर्य वर आल्यावर सगळे मिळून नदीपर्यंत चालत गेलो. अम्मी वाटेतल्या बांधावर बसून राहिल्या, तिथूनही पाणी दिसत होते. परत येऊन कचरा पिशवीत भरला, राख खड्ड्यात पुरली, खुंट्यांची भोके पायाने बुजवली. काका पैसे घेत नव्हते. त्यांच्या नातवासाठी वह्या आणि काकूंसाठी शाल ठेवून निघालो.

आपणही जाणार असाल तर थंडीचे दिवस, नोव्हेंबर ते जानेवारी, उत्तम. ज्याची जमीन त्याला विचारा, जंगलात वन विभागाला विचारा, गावात पोलीस पाटलांना कळवून ठेवा. आणि जागा ठरवण्याआधी घरातल्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना एक प्रश्न नक्की विचारा : तिथे तुम्ही पोटभर पाणी प्याल का? उत्तर नाही आले, तर दुसरी जागा शोधा.