पुढं सरका

मी पिठाच्या मिलमध्ये आहे. पुण्यात मिल म्हटलं की जुनी माणसं राजाबहादूर मिलचं नाव घेतात, कापडाच्या. तिच्या आवारात आता हॉटेलं आणि ऑफिसं आहेत. आमची रोलर मिल, भोसरीच्या बाजूला. गहू वर चढतो आणि मैदा, रवा, आटा, कोंडा होऊन खाली उतरतो. मी पोती भरतो, शिवतो. आठ तासांत भुवया म्हाताऱ्यासारख्या पांढऱ्या होतात. कितीही झटका, धुवा, कानात आणि केसांच्या मुळाशी पीठ राहतंच. तसाच बसमध्ये चढतो.

राहायला पर्वतीच्या पायथ्याला, वस्तीत. रोज दोन गाड्या. स्वारगेट ते मनपा, मनपा ते भोसरी. शाळा नववीत सुटली. पुढचं जे काय शिकलो ते ह्या दोन गाड्यांत. वाचलं तिथंच, लिहिलं तिथंच. माझ्याकडं पास असतो, म्हणून तिकीट नसतं. लोकांनी टाकलेली तिकिटं उचलतो आणि पाठीवर लिहितो. मशीनमधून निघतं ते तिकीट पातळ. दोन-चार महिन्यांत त्याच्यावरची शाई उडते. भाडं, तारीख, वेळ सगळं कोरं. मागचं पेनाचं तेवढं राहतं. माझ्या कवितेचं बाड म्हणजे असली तिकिटं, मैद्याच्या पिशवीत भरलेली.

तर ह्या वेळी कविता नाही देत. बसमधलं सांगतो.

लोक अजून पीएमटीच म्हणतात. पुणे म्युनिसिपल ट्रान्सपोर्ट 1950 ची. पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी 1974 ची. 2007 साली दोन्ही एक होऊन पीएमपीएमएल झाली. पाट्या बदलल्या, तोंडं बदलली नाहीत. आई सकाळी म्हणते, "पीएमटी गाठ, जा." विद्यापीठाच्या नावासाठी आपल्या माणसांनी 1978 पासून 1994 पर्यंत मार खाल्ला, घरं जळलेली बघितली. तेव्हा कुठं नाव पाटीवर आलं. पाटीवरचं तोंडात यायला आणखी वेळ लागतो. बसच्या नावाला तर कुणाचा विरोधही नव्हता.

जाताना आमची गाडी बाजीराव रस्त्यानं जाते, येताना शिवाजी रस्त्यानं. दोन्ही एकेरी. वाटेत शनिवारवाडा. गो. स. घुर्ये यांनी 1932 च्या पुस्तकात नोंदवलंय की पेशवाईत महार-मांगांना सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीनच्या नंतर पुण्याच्या वेशीत येऊ देत नसत. का? तर तेव्हा ऊन तिरपं असतं. सावली लांब पडते. कुणाच्या तरी अंगावर पडेल. कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं बांधायची सक्ती बाबासाहेबांनी 1936 च्या लाहोरच्या भाषणात लिहिलीय. ज्यांनी बोलावलं त्यांनीच होऊ दिलं नाही ते भाषण.

माझी पहिली पाळी सातची. स्वारगेटहून साडेपाचची गाडी. सुट्टी तीनला. परत पेठेत येतो तेव्हा साडेचार. म्हणजे माझ्या दोन्ही वेळा बंदीच्या! सावलीचं सोडा, साडेचारच्या गाडीत माझं कोपर सदाशिव पेठेच्या बरगडीत असतं आणि नारायण पेठेची पिशवी माझ्या मांडीवर. कंडक्टर मागून ओरडतो, "पुढं सरका, पुढं सरका, पुढं सगळी रिकामी हाय!" रिकामी काही नसते. पण सगळे सरकतात. त्या दोन शब्दांनी माणसं जेवढी एकमेकांना चिकटतात तेवढी कुठल्या परिषदेत चिकटलेली मी बघितली नाहीत.

एकदा एका बाईचं लहान पोरगं माझ्याकडं बघून म्हणालं, "आई, ह्या दादावर बर्फ पडलाय." सगळी गाडी हसली. मीही हसलो. मग ते पोरगं माझ्या दंडावर डोकं टेकून झोपलं. मंडईला आईनं उचललं तेव्हा त्याचा एक गाल पांढरा. बाई पुसायला गेली, मग म्हणाली, "असू दे, पीठच आहे. अन्नच आहे." ती खाली उतरली आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं. तिला माझं नाव ठाऊक नव्हतं, हे मला कळत होतं.

एकदा एक बाप्या महिलांच्या राखीव सीटवर बसला होता. टापटीप, गळ्यात कंपनीचं कार्ड. एक मावशी येऊन उभी राहिली, हातात भाजीचं ओझं. कंडक्टर म्हणाला, उठा. उठता उठता हा म्हणतो कसा, "जिथं तिथं आरक्षण. गुणवत्तेला किंमतच नाही राहिली." मावशी बसली, भाजी पायाशी ठेवली आणि म्हणाली, "उभं ऱ्हा की मग गुणवत्तेवर. दांडी वरच हाय." तो स्वारगेटपर्यंत गुणवत्तेवर उभा होता. मला ती मावशी कुठल्या समाजाची ते माहीत नाही. पण असं उत्तर आपल्या कुठल्या भाषणात मी ऐकलं नाही.

आणि एका जयंतीला. स्टेशनजवळच्या पुतळ्याकडं निघालो होतो. रस्ते वळवलेले, गाडी लांबून चाललेली. मागच्या सीटवरचे एक काका पुटपुटले, "यांचं दरवर्षीचं आहे." कंडक्टर तिकिटं फाडत होता. मान वर न करता म्हणाला, "काका, विसर्जनाला लक्ष्मी रस्ता चोवीस तासांच्या वर बंद असतो. तवा तुम्ही मला मोदक देता. आज निदान शांत तरी बसा." काकांनी दहाची नोट काढली, सुटे मोजले, गप्प.

अमेरिकेत माँटगोमेरी गावात 1 डिसेंबर 1955 ला रोझा पार्क्स नावाची शिवणकाम करणारी बाई बसच्या सीटवरून उठली नाही. तिच्या अटकेनंतर काळ्या माणसांनी 381 दिवस बसवर बहिष्कार घातला, मैलोन्‌मैल चालत कामावर गेले. ही गोष्ट तुम्हाला पाठ असेल. आपल्याकडं मला अजून कुणी ऊठ म्हणालेलं नाही. इथं जागा देतात. जागा देतात आणि मग आडनाव विचारतात.

तेच सांगायचंय. बाकीचं सगळं ते सांगायला धीर यावा म्हणून सांगितलं.

दोनेक वर्षं झाली. मनपाहून सुटलेली गाडी. मला खिडकी मिळाली होती. हातात कवितेचं पुस्तक, वर वर्तमानपत्राचं कव्हर. शेजारी एक रिटायर गृहस्थ बसले. माझं पीठ त्यांच्या पांढऱ्या शर्टाला लागत होतं, पांढऱ्यावर पांढरं दिसत नव्हतं. म्हणाले, "कामावरून सुटून वाचतोस? शाबास. कविता? वा." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. मिलमध्ये कुणी शाबास म्हणत नाही. त्यांनी पिशवीतनं भाकरवडीचा पुडा काढला, दोन माझ्या हातावर ठेवल्या. मग विचारलं, "आडनाव काय तुझं?"

मी म्हणालो, "जाधव."

जाधव आपल्यातही असतात, त्यांच्यातही. त्यामुळं खोटं बोलतानाही मी दार अर्धं उघडं ठेवलं होतं. कुठल्या बाजूनं पळायचं ते त्यांनी ठरवावं. त्यांनी त्यांच्या बाजूचं ठरवलं. चेहरा आणखी मोकळा झाला. गाडी दगडूशेठच्या चौकात अडकली होती. समोर भिडे वाड्याची जागा, जिथं 1848 साली जोतिबा-सावित्रीनं मुलींची शाळा काढली. डिसेंबर 2023 मध्ये तो वाडा स्मारकासाठी पाडला. गृहस्थ म्हणाले, "तुझ्यासारखी मुलं बघितली की आशा वाटते. नाहीतर ती पर्वतीखालची वस्तीतली पोरं. त्या लोकांना सगळं फुकट मिळतं, तरी वाचायला नको."

मी त्या वस्तीतलाच. तोंडात त्यांचीच भाकरवडी. चावली, गिळली.

तेवढ्यात कंडक्टर आला. "पास?" तेव्हा महिन्याचा पास 900 चा होता, 1 जून 2025 पासून 1,500 चा झाला. पासावर फोटो आणि पूर्ण नाव. कांबळे. कंडक्टरनं पास बघितला. माझ्याकडं बघितलं. शेजारच्या गृहस्थांकडं बघितलं. बहुतेक त्यानं मागनं आमचं बोलणं ऐकलेलं असावं. काही बोलला नाही. पास परत दिला तो पालथा धरून, नाव खाली. माझं खोटं त्यानं झाकलं.

स्वारगेटला मी मागच्या दारानं उतरलो. दारात तो उभा होता. मी खालच्या पायरीवर असताना हळूच म्हणाला, "जयभीम."

मी उत्तर दिलं नाही. गृहस्थ माझ्या मागंच उतरत होते.

दोस्त हो, मला कुणी मारलं नाही. कुणी शिवी दिली नाही. दोन भाकरवड्या खायला घातल्या आणि मी बाप बदलला. त्या रात्री वस्तीत दिवा घालवून पडलो, पण झोप नाही. उठलो आणि बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' काढलं, मराठीतलं. 1901 सालची हकिकत. साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघालेली पोरं, नवे कपडे, मसूर स्टेशनवर उतरलेली. मास्तरनं विचारलं, कोण तुम्ही? नऊ-दहा वर्षांच्या भिवानं खरं सांगितलं. मास्तर मागं सरकला. बैलगाडीवाले दुप्पट भाडं घेऊनही गाडी हाकायला तयार नाहीत. शेवटी पोरांनी गाडी हाकली आणि गाडीवाला बाजूनं पायी चालला. हे आपण सभांत सांगतो.

पुढचं आपण सभांत फारसं सांगत नाही. रात्री तहान लागली. गाडीवाल्यानं शिकवलं, टोलनाक्यावर मुसलमान आहोत म्हणून सांगा. भिवानं तसं सांगून पाणी मागितलं. तरीही पाणी मिळालं नाही. पोरं उपाशी, तहानलेली झोपली. देशाला राज्यघटना देणाऱ्या माणसानं मोठेपणी हे स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय. लपवलं नाही. ते वाचून मी भिंतीला टेकून बसलो. त्यांचं खोटं तहानेपोटी होतं, लहानपणचं होतं. माझं शाबासकीपोटी. बरोबरी करत नाही. पण लिहून ठेवायचं धाडस मला तिथनं मिळालं.

1929 साली चाळीसगावला टांगेवाल्यानं बाबासाहेबांना बसवून टांगा हाकायचं नाकारलं. मग आपल्यातलाच एक माणूस हाकायला बसला, ज्यानं कधी हाकला नव्हता. टांगा पुलावर आदळला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला. आज साडेपाचच्या गाडीत पन्नास जीव एका माणसाच्या हातात असतात आणि त्याची जात कुणी विचारत नाही. जीव वाचवायचा तिथं विचारत नाहीत. गप्पा मारायच्या तिथं विचारतात.

आईला हे सांगितलं नाही. तिला मेट्रोत नेलं. 29 सप्टेंबर 2024 ला स्वारगेटपर्यंत मेट्रो सुरू झाली, त्यानंतरचा एक रविवार. आत शिरताना आई थबकली. "आरं, लादी लई चकचकीत हाय. चपला काढू का?" म्हटलं, "आई, तिकीट काढलंय." सरकत्या जिन्यावर तिनं माझा हात असा धरला की वळ उठला. गाडी जमिनीखालून सुटली. तिनं विचारलं, "आता वर काय आलं?" म्हटलं, "कसबा पेठ." आई तिथं दोन घरची धुणीभांडी करते. ती छताकडं बघत म्हणाली, "म्हंजी बाईंचं घर आपल्या डोक्यावर?" "व्हय." "मंग हितंबी आपण खालीच!" आणि अशी हसायला लागली की सगळा डबा बघायला लागला. सिव्हिल कोर्टाचं स्टेशन जमिनीखाली सुमारे 33 मीटर आहे. तिथनं वर येईपर्यंत ती हसत होती. वर उन्हात आल्यावर म्हणाली, "बाईंनी इचारलं तर सांगीन, तुमच्या घराखालनं गेले म्हून." दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलंसुद्धा. मला वाटलं, हिला लपवायला काही नाही. मी शिकलो आणि लपवायलाही शिकलो.

गेल्या महिन्यात पुन्हा तसंच झालं. दुसरी गाडी, दुसरा माणूस, माझ्या वयाचा. काय लिहितोस, कुठं असतोस, आडनाव काय. मी म्हणालो, "कांबळे." तो म्हणाला, "अच्छा." मग मोबाईल काढला. मनपापर्यंत मोबाईल. वाटलं होतं, खरं बोललो की छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. गाडी चालत राहिली, पोतं शिवल्यागत बोटं दुखत राहिली. फक्त उतरताना मागं वळून बघावं लागलं नाही.

तुम्हालाही विचारतील. बसमध्ये, खोली भाड्यानं बघताना, नोकरीत. कधी तुमच्याही तोंडातून दुसरंच आडनाव निघून जाईल. मी तुम्हाला शिव्या देणार नाही. माझं तोंड नाही तेवढं. पण ते लिहून ठेवा. आपण त्यांचे गुन्हे रोज लिहितो, आपली भीती कुणी लिहीत नाही. ती न लिहिता मोर्चात मोठ्यानं घोषणा देता येतात, मी दिल्यात. पण पायरीवर हळूच आलेल्या जयभीमला उत्तर देता येत नाही.

तो कंडक्टर मला पुन्हा दिसला नाही. ड्यूट्या बदलतात. प्रत्येक गाडीत चढताना आधी त्याचं तोंड शोधतो. हा अंक त्याच्या हातात पडेल न पडेल.

जयभीम, मास्तर. उशीर झाला.