माळावरची फिकट पाहुणी

जानेवारी. इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडीचं माळरान. गवत वाळून पिवळं पडलेलं आणि त्यात त्याच रंगाचा एक पक्षी. चंडोल नव्हे, हे लगेच कळलं. चंडोल बसका, जाड चोचीचा. हा सडपातळ, लांब शेपटीचा, चोच बारीक. थोडं धावायचा, थांबायचा, शेपटी हलवायचा. म्हणजे तीरचिमणी. पण कोणती?

खरी गंमत इथून पुढे. आपली बारमाही तीरचिमणी छातीवर रेघा मिरवते. हिची छाती जवळजवळ कोरी, अंग वाळूसारखं फिकट, चाल धोबी पक्ष्याची आठवण करून देणारी. पंखावर गडद ठिपक्यांची एक ओळ उठून दिसत होती. दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही, कारण एक खूण अजून हवी होती. तिने मान वळवली आणि चोचीपासून डोळ्यापर्यंत जाणारी काळसर रेघ दिसली. ही तर टॉनी पिपिट नावाची तीरचिमणी! युरोपपासून मध्य आशियापर्यंत वीण करणारी, थंडीत आपल्याकडे येणारी.

मला हे मातकट पक्षी रंगीत पक्ष्यांपेक्षा जास्त आवडतात. ते नीट बघायला भाग पाडतात. (मोबाइलमधला धूसर फोटो दाखवून ‘हा कोणता?’ विचारणाऱ्यांना हे पटत नाही.)

सरकारदरबारी असल्या माळांची नोंद बहुधा ‘पडीक’ अशीच असते. पण ते रिकामे समजू नका. तुम्ही गेलात तर गाडी वाटेवरच ठेवा; चंडोल आणि तीरचिमण्या घरटी जमिनीवरच करतात.