आजीची श्रद्धा कुठे शोधावी

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बालाघाटच्या सीमेजवळ नाकाडोंगरी आहे. जवळच डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मँगनीज खाणी, भोवती जंगल आणि धानाची शेती. या जिल्ह्यात ख्रिस्ती वस्ती तुरळक. अशा ठिकाणी एखादी ख्रिस्ती आजी नव्वदी गाठून गेली, की कागदावर उरतात बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी. स्मरणसभेतली वाक्येही ठरलेली असतात: उपासना कधी चुकवली नाही, डोळे अधू होईपर्यंत पवित्र शास्त्र वाचले, सगळ्यांसाठी प्रार्थना केली. ती खोटी नसतात, पण कुठल्याही भाविक आजीला लागू पडतात, म्हणूनच त्यांत ही आजी सापडत नाही. नेम पाळला एवढ्यावरून श्रद्धा कळत नाही. तिच्यापायी काय सुटले, कुणाशी अबोला आला, कुणाच्या हातचे पाणी चालू लागले, यावरून ती कळते. हे नीट सांगू शकणारी एकच व्यक्ती असते, ती स्वतः. तेव्हा ते ती असतानाच, तिच्याच झाडीबोलीत उतरवून घ्यायला हवे.

मराठीत याला लक्ष्मीबाई टिळकांइतका (१८६८–१९३६) भक्कम पुरावा दुसरा नाही. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांच्या हाती नवा करार आला तो राजनांदगावच्या प्रवासात, आगगाडीत. नागपूरहून तिकडे जाणारा लोहमार्ग भंडारा रोड आणि तुमसर रोडवरूनच जातो. हा धागा मी जरा ओढून आणला आहे, हे मान्य. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा बाप्तिस्मा झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. स्मरणसभेच्या भाषेत याचे एकच वाक्य होईल: पतीमागोमाग त्याही ख्रिस्ती झाल्या. मधली पाच वर्षे त्यात गडप. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई आधी नवऱ्यापासून दूर राहिली, मग नगरला आली तरी आपले सोवळे धरून राहिली, आणि माणसामाणसांतली उच्चनीचता देवाने केलेली नाही असे स्वतःच्या विचाराने पटल्यावरच तिने ते सोडले. ‘स्मृतिचित्रे’ या तिच्या आत्मचरित्रात प्रार्थनेपेक्षा स्वयंपाकघर, भांडणे आणि नवऱ्याच्या व्यवहारशून्यतेची थट्टा जास्त आहे. पण तेवढ्यावरून तिच्या श्रद्धेविषयी कुणाला शंका आलेली नाही.

यावर कुणी म्हणेल, लक्ष्मीबाई असामान्य होत्या. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनी पुढे नेले, अशा बाईशी गावातल्या आजीची तुलना कशाला? खरे आहे, ती विनोदबुद्धी मागून मिळत नाही. पण त्या शाळेत गेल्या नव्हत्या, अक्षरओळख लग्नानंतरची, आणि आठवणी लिहायला लागल्या त्या मुलाला, देवदत्ताला, वडिलांच्या चरित्रासाठी हव्या होत्या म्हणून. विचारणारे कुणी घरात होते, हे प्रतिभेइतकेच महत्त्वाचे. याहून अवघड आक्षेप दुसरा आहे. लक्ष्मीबाईंनी धर्म बदलला, त्यामुळे सांगण्यासारखे घडले. जन्मानेच ख्रिस्ती असलेल्या आजीच्या आयुष्यात कसली उलथापालथ? इथे प्रश्न बदलावे लागतात. थोड्या ख्रिस्ती घरांच्या मुलखात धर्म धरून राहणे, हीही रोजची निवड असते. शेजाऱ्यांच्या पोळ्याला, दिवाळीच्या फराळाला ती कुठपर्यंत गेली आणि कुठे थांबली? नातू तापाने फणफणला तेव्हा कुणी नवस सुचवला, तर ती काय म्हणाली? नातीने धर्माबाहेर लग्न ठरवले तेव्हा आशीर्वाद दिला, की पाठ फिरवली, की आधी पाठ फिरवून मग आशीर्वाद दिला? नव्वद वर्षांत अशा प्रसंगांची वाण नसते. विचारले जात नाहीत, एवढेच.

म्हाताऱ्या माणसाची आठवण घसरते, हा आक्षेप मला किरकोळ वाटतो. लक्ष्मीबाईंचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’ टिपांसह संपादित केली. साल चुकले तर टीप देता येते. भिडस्त वाचकाचा आक्षेप मात्र मनाला लागतो: आजी स्वतःच म्हणेल, माझे काय सांगता, प्रभूचे सांगा; मग तिची भांडणे आणि हट्ट मांडणे हा अनादर नाही का? पण तिच्या हातातल्या शास्त्राने पेत्राने प्रभूला नाकारणे झाकलेले नाही. चारही शुभवर्तमानांत ते आहे. उलट त्याच शास्त्रात नुसत्या स्तुतीचे काय होते तेही दिसते. तीमथ्याला लिहिताना पौल त्याची आजी लोईस हिच्या विश्वासाची वाखाणणी करतो, एका ओळीत, आणि पुढे जातो. तीमथ्याचा बाप ग्रीक होता, हे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. लोईसची लेक, तीमथ्याची आई युनीके, यहूदी घरातून ग्रीक माणसाकडे नांदायला गेली, तेव्हा लोईस तिथे होती का, काय बोलली, किती दिवस रुसली, हे पौलाने लिहिले नाही. तीमथ्यानेही लिहून ठेवलेले आपल्यापर्यंत आलेले नाही.