दाखला काढण्याआधी

पुणे, २० मार्च

चि. मनू,


सोनूला येत्या जूनपासून शाळेत पाठवायचं नाही, असं तुमचं दोघांचं ठरत आलंय आणि ‘मावशी, सुरुवात कुठल्या पुस्तकांपासून करू?’ असं तू विचारतेस. पुस्तकांचं मी शेवटी सांगेन, कारण ते सगळ्यात सोपं आहे. आधी मला हे सांग : मंगळवारी सकाळी अकरा वाजता तुझ्या घरी कोण असेल?

आमची दोन्ही मुलं घरीच शिकून मोठी झाली, त्यामुळे लोक माझ्याकडे चौकशीला येतात. मी प्रत्येक जोडप्याला हाच प्रश्न विचारते, आणि बहुतेक वेळा बाप आईकडे बघतो. तिथेच निम्मा निकाल लागतो. जावईबापू ‘शनिवार-रविवार गणित मी घेईन’ असं म्हणाले असतीलच. गणित ही अडचण नव्हेच गं. नऊ वर्षांच्या मुलाला दिवसातून तासभर कुणी शांतपणे बसून शिकवलं तरी चौथी-पाचवीचं गणित होतं. प्रश्न उरलेल्या तासांचा आहे. दहाला भूक लागते, साडेदहाला भांडण होतं, अकराला ‘आता काय करू?’ सुरू होतं. ते झेलायला जे माणूस घरी राहणार, त्याची नोकरी, त्याचा पगार, त्याचा पीएफ, पाच वर्षांनी पुन्हा काम शोधताना बायोडाटात पडणारी फट, हे सगळं आधी कागदावर मांडा. दोघांनी अर्धवेळ काम करणं जमत असेल तर उत्तमच. जमत नसेल आणि सगळं तुझ्यावरच येणार असेल, तर निदान तसं उघड म्हणा. ‘बघू, होईल काहीतरी’ म्हणून सुरू झालेली घरं मी पाहिली आहेत. तिथे दिवाळीपर्यंत आई चिडचिडी होते आणि मुलाला वाटतं, आपल्यामुळेच.

दोघांच्याही नोकऱ्या पूर्णवेळ राहणार असतील, तर माझा सल्ला सरळ आहे : शाळा सोडू नका, बदला. जवळची, कमी गृहपाठाची, मराठी माध्यमाची साधी शाळा शोधा. सोनूचा त्रास शिकण्याचा आहे की त्या एका शाळेचा, हेसुद्धा त्यातून कळेल.

आता कायद्याचं. तुझ्या दिरांनी ‘पोलीस येतील’ म्हणून घाबरवलंय, ते डोक्यातून काढ. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमलात आला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी तो आहे. त्यातलं ‘सक्तीचं’ हे बंधन मुख्यतः सरकारवर आहे : शाळा उपलब्ध करून द्यायची, मूल येतंय ना ते बघायचं. कलम १० मात्र मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं म्हणतं. ते न पाळल्यास पालकांना शिक्षा या कायद्यात लिहिलेली नाही. होमस्कूलिंगला त्यात स्पष्ट परवानगी नाही आणि स्पष्ट मनाईही नाही. म्हणजे तुम्ही कायमचे थोडे कडेला उभे राहणार. ज्यांना प्रत्येक गोष्टीवर शिक्का लागतो, त्यांनी या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

त्याच कायद्यातलं कलम ४ मात्र लक्षात ठेव. शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क त्यात आहे. परतीचा दरवाजा तोच. वर्षभराने सोनू म्हणाला की मला शाळेत जायचंय, तर तो हरला असं नाही आणि तुम्हीही नाही.

सर्वेक्षणवाले येतील, त्याचीही गंमत सांगते. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एकाच दिवशी शाळाबाह्य मुलं मोजली होती आणि मोजलेल्या मुलांच्या बोटाला शाई लावली होती. आमच्याकडे आलेल्या बाईंना यादीत आमच्या मुलांसाठी रकानाच सापडेना. वीटभट्टीवरची नाहीत, ऊसतोडीची नाहीत, घरात पुस्तकांचं कपाट आहे, मग शाळाबाह्य कशी? शेवटी त्यांनी चहा घेतला, शाई लावली आणि ‘ताई, माझ्या पुतण्याला पण शाळा आवडत नाही हो’ म्हणून बराच वेळ बसल्या. धाकटा आठवडाभर ते बोट सगळ्यांना दाखवत फिरत होता.

सासूबाई रडल्या म्हणतेस. त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांना चौथीनंतर भावंडं सांभाळायला घरी बसवलं होतं, हे तूच मला सांगितलंयस. ‘शाळा सोडली’ हे त्यांच्या कानाला कसं लागत असेल? हल्ली होमस्कूलिंगची भलामण करताना लोक पंडिता रमाबाईंचा दाखला देतात, की बघा, त्या आईकडून घरीच संस्कृत शिकल्या. शिकल्या खऱ्या. पण बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून रमाबाईंच्या वडिलांना, अनंतशास्त्री डोंगरे यांना, समाजाने छळलं, ते रान जवळ करून राहिले, आणि मुलीला घालावं अशी शाळा त्यांच्या आवाक्यात नव्हतीच. १८४८ मध्ये पुण्यात फुले दांपत्याने मुलींसाठी शाळा उघडली, तेव्हा रमाबाईंचा जन्मही झाला नव्हता. ज्या घरांना शाळेचा उंबरा मोठ्या मुश्किलीने ओलांडता आला, त्यांच्यापुढे शाळा सोडण्याची ऐट मिरवू नये. सासूबाईंना दुपारी सोनूजवळ बसून मोठ्याने वाचायला सांग. वाद घालण्यापेक्षा ते बरं.

आणि आता खरं अवघड. जूनमध्ये शाळा सुटली की तू उत्साहाने वेळापत्रक भिंतीला लावशील. लावू नकोस. जुन्या पालकांमध्ये एक ठोकताळा आहे : जितकी वर्षं शाळेत गेली, तितके महिने मोकळे सोडायचे. सोनूची ज्युनियर केजीपासून सहा वर्षं झाली, म्हणजे साधारण दिवाळीपर्यंत. या काळात तो उशिरा उठेल, ‘चंपक’ आणि जुने ‘किशोर’ लोळून वाचेल, कंटाळा आला म्हणून तुझं डोकं खाईल. जॉन होल्ट नावाचा एक अमेरिकन शिक्षक होता. १९६४ च्या ‘हाऊ चिल्ड्रन फेल’मध्ये त्याने वर्गातली मुलं बारकाईने टिपली आहेत. मुलं प्रश्नाकडे बघत नाहीत, उत्तर बरोबर की चूक ते बाईंच्या चेहऱ्यावर शोधतात, हे त्यातलं निरीक्षण मला पुरेपूर पटलेलं आहे. सोनू आता तुझा चेहरा वाचेल. काहीही केलं की ‘आई, बरोबर आहे ना?’ तू दरवेळी हो-नाही म्हणालीस, तर घरातही शाळाच भरेल, फक्त मधल्या सुट्टीशिवाय. ‘कसं पडताळशील?’ एवढंच विचारत जा. ही सवय सुटायला वेळ लागतो, मुलाची आणि आपलीही.

सोबतीचं मात्र दिवाळीपर्यंत थांबवू नकोस. पाच वाजेपर्यंत कॉलनीतली सगळी पोरं शाळेत, हे सोनूला पहिल्याच आठवड्यात जाणवेल. पोहणं, तबला, मैदान, काहीतरी रोजचं हवं. आणि तुमच्या नाशकात घरी शिकणारं एखादं तरी कुटुंब शोध, आठवड्यातून दोनदा भेटा.

दहावी-बारावीची चिंता आत्तापासून नको, पण मार्ग माहीत असावेत. १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून देता येते. एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, दहावी चौदा वर्षं पूर्ण झाली की देता येते. तिथे विषय एकदम द्यावे लागत नाहीत, पाच वर्षांत मिळून पुरे करता येतात. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, त्यात पाचवी आणि आठवीसुद्धा आहे. मुंबईच्या मालविका जोशीचं उदाहरण तुला कुणी ना कुणी ऐकवेलच : सातवीत शाळा सोडली, आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं, २०१६ मध्ये थेट अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश. खरं आहे. पण बारावी नसल्यामुळे आयआयटीचं दार तिला बंद होतं, हेही त्याच गोष्टीत आहे. आणि ती गोष्ट सोनूला सांगू नकोस. आपल्याकडून पदकांची अपेक्षा आहे एवढंच मूल त्यातून ऐकतं.

आता पुस्तकं. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. अरविंद गुप्तांची खेळणी आणि पुस्तकंही तशीच फुकट आहेत, मराठीत भरपूर. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे, तिथे सोनूला घेऊन जा. त्याने निवडलेलं पुस्तक तुला फालतू वाटलं तरी घेऊ दे. एवढं पहिल्या वर्षाला पुष्कळ झालं.

शाळेत अर्ज द्यायला जाशील तेव्हा कारणाच्या जागी भाषण लिहू नकोस, ‘पालकांच्या विनंतीवरून’ पुरतं. शाळा सोडल्याचा दाखला घेतल्याशिवाय परत येऊ नकोस, आणि त्याच्या चार झेरॉक्स काढून मूळ कागद घरात ठेव. जातीच्या दाखल्याला, पुढच्या प्रवेशाला तो पदोपदी लागेल. त्यावरची जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग जन्मदाखल्याशी आणि आधारशी जुळतंय ना, ते तिथेच खिडकीपाशी उभं राहून तपास. चूक असेल तर शाळेच्या रजिस्टरमध्ये आत्ताच दुरुस्त करून घे, नंतर फार हेलपाटे पडतात.

मंगळवारचं उत्तर दोघांनी मिळून कळवा.

तुझी,
मावशी