रेडिएटरमधली सोलकढी

मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाली की नातेवाईक आपल्याला लगेच मेकॅनिक समजायला लागतात. कुणाचा मिक्सर अडकतो, कुणाची स्कूटर सुरू होत नाही, आणि सगळे म्हणतात, "हा इंजिनिअर होतोय की, बघेल!" आमचं ज्ञान मात्र सबमिशनच्या फायलीत आणि व्हायवाच्या आदल्या रात्रीपुरतं. म्हणून थर्ड इयरनंतरची सुट्टी मी कोल्हापूरला मामाच्या गॅरेजमध्ये काढायची ठरवली. उद्यमनगरातलं छोटंसं गॅरेज. मामा दहावी पास, पण गाडीच्या बाबतीत आमच्या अख्ख्या बॅचला पुरून उरेल असा.

दुसऱ्याच आठवड्यात अण्णांची गाडी आली, तीही ट्रकच्या पाठीवर बसून. अण्णांचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने अधू. क्लच दाबणं शक्य नाही, म्हणून त्यांनी सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतलेली. आजकालच्या स्वस्त एएमटी गाड्यांत क्लच साधाच असतो, तो दाबायचं काम फक्त यंत्र करतं. अण्णांची गाडी जुन्या पद्धतीची, टॉर्क कन्व्हर्टरवाली. म्हणजे इंजिनची ताकद चाकांकडे जाते ती तेलातून! हे तेल म्हणजे एटीएफ.

आधीच्या गॅरेजवाल्याने "हेड गॅसकेट गेली, इंजिन खोलावं लागेल" असं सांगितलं होतं, आणि खर्चाचा आकडा गाडीच्या निम्म्या किमतीएवढा. अण्णा मामाला म्हणाले, "पैशाचं बघू रे. पण रोज दुकानाला जाताना कुणाला तरी 'सोडतोस का' म्हणायचं, ते जमत नाही मला."

मामाने गार इंजिनवरचं रेडिएटरचं झाकण उघडलं. (गरम असताना कधीही उघडू नका. आत साधारण १ बारचा जादा दाब असतो, त्यामुळे पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की मात्र कारंजं!) आत बघतो तर काय... सोलकढी! तशीच गुलाबी, तशीच दुधाळ, फक्त बोटाला लावली की बुळबुळीत.

"काय वाटतं इंजिनिअरसाहेब?" मामा म्हणाला.

"तेल आणि पाणी मिसळलंय."

"ते अण्णांनापण दिसतंय. कुठलं तेल?"

खरी मेख इथेच होती. गाडीत तेलं दोन. मामाने आधी इंजिनची डिपस्टिक काढली. तेल स्वच्छ. मग गिअरबॉक्सची काढली, तर तिच्यावरही गुलाबी फेस. मामा हसला. "हेड गॅसकेट कितीही फाटू दे, तिथलं पाणी गिअरबॉक्सात जायला वाटच नाही. आता सांग, गिअरचं तेल आणि पाणी शेजारी-शेजारी कुठे राहतात?"

आणि माझी ट्यूब पेटली. हीट ट्रान्सफर! टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घुसळून एटीएफ तापतं. ते थंड करायला गिअरबॉक्सपासून दोन नळ्या रेडिएटरपर्यंत येतात, आणि रेडिएटरच्या टाकीत एक छोटा कूलर बुडवलेला असतो. आत तेल, बाहेर पाणी, मध्ये धातूचा पातळ पत्रा. असल्या हीट एक्स्चेंजरची गणितं आम्ही डझनावारी सोडवली आहेत. पण मित्रहो, गणितातली नळी कधी फुटत नाही! अण्णांच्या गाडीत पहिल्या मालकापासून कूलंटऐवजी नळाचं पाणी ओतलं गेलं होतं. गंजरोधक नाही म्हटल्यावर पत्रा हळूहळू खाल्ला गेला असणार, असा मामाचा अंदाज.

खात्री करायची पद्धत पंक्चरवाल्याची. रेडिएटर काढला, पाण्याने भरला, कूलरचं एक तोंड बंद केलं आणि दुसऱ्यातून हवा सोडली. "दोन बारच्या वर जाऊ नकोस, नाहीतर चांगला कूलरपण फोडशील." रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे आले. निदान पक्कं! अख्ख्या तपासणीला खर्च काय, तर थोडी हवा.

त्या रात्री मला एक प्रश्न छळत होता. तेल पाण्यात गेलं हे ठीक, पण पाणी तेलात कसं? वहीत मांडून बघितलं तेव्हा उलगडा झाला. गाडी चालू असताना गिअरबॉक्सचा पंप तेल दाबाने ढकलतो, म्हणून तेल पाण्यात घुसतं. इंजिन बंद केलं की पंप थांबतो, तेलाचा दाब शून्य. पण तापलेल्या रेडिएटरमधला दाब मात्र बराच वेळ टिकून राहतो. मग उलटी गंगा सुरू, पाणी तेलात! म्हणजे गाडी दारात नुसती उभी असतानाही बिघाड वाढत असतो.

आणि खरा धोका तिथेच. गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटांचं अस्तर कागदासारखं, गोंदाने चिकटवलेलं असतं. पाणी लागलं की ते फुगतं, सुटतं. म्हणून "जरा चालवून बघू" म्हणणं म्हणजे गिअरबॉक्सला मूठमाती देणं. दोरी बांधून ओढणंही नको, कारण इंजिन बंद तर तेलाचा पंप बंद, आणि आतले भाग तेलाशिवाय फिरतात. अण्णांनी गाडी ट्रकवर घालून आणली, हे त्यांचं शहाणपण.

नवा रेडिएटर बसवला. पाण्याच्या बाजूला कमी फेसाची धुण्याची पावडर घालून, तेलाचा तवंग जाईपर्यंत पाणी बदलत राहिलो. तेलाने फुगलेले रबरी पाइप फेकून दिले. गिअरबॉक्सचा फिल्टर बदलला. पण तेल? एकूण ८ लिटर, आणि बूच काढलं की येतं फक्त ४, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणजे एकदा बदललं की जुनं उरतं निम्मं, मग पाव, मग आठवा हिस्सा. चौथ्या खेपेला सोळावा, म्हणजे सव्वासहा टक्के. भूमितीय श्रेणी, तीही हात काळे करून! मामाला श्रेणी माहीत नव्हती, पण "चार वेळा" हे त्याने आधीच सांगितलं होतं.

बिल देताना मामाने अण्णांना स्पष्ट सांगितलं, "गाडी आज चांगली आहे. पण प्लेटा किती पाणी प्यायल्यात ते मला बाहेरून दिसत नाही. धक्के मारायला लागली तर गिअरबॉक्स खोलावा लागेल. हजार किलोमीटरनंतर या." इंजिन खोलण्याच्या आकड्यापुढे हे बिल किरकोळ होतं, तरी त्याने खोटी ग्वाही दिली नाही. हजार किलोमीटरनंतर अण्णा स्वतः गाडी चालवत आले. डिपस्टिकवर तेल लालभडक, पारदर्शक.

आपल्याला कॉलेजात उत्तर काढायला शिकवतात. मामाने त्याच्या आधीची पायरी शिकवली. काहीही खोलण्याआधी विचारायचं, हे दोन एकमेकांना भेटतात कुठे? या प्रश्नाला मार्क नसतात. पण चुकीचं इंजिन उघडलं जाण्यापासून वाचतं, आणि एखाद्या माणसाला कुणाकडे "सोडतोस का" म्हणावं लागत नाही.