धातू जाणार कुठे?

मागच्या हिवाळ्यात घरमालकांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं आणि विचारलं, "तू इंजिनिअर ना? मग सांग, कुठली डाय घेऊ?"

मी मेकॅनिकलची डिग्री घेऊन गेली सहा वर्षं कोड लिहितो. डाय हा शब्द माझ्यासाठी बाबांचा. भोसरीतल्या एका प्रेस शॉपच्या टूलरूममध्ये त्यांनी 31 वर्षं डाय बनवल्या, दुरुस्त केल्या. मला त्यात कधी रस वाटला नाही. कॅम्पसमधून आयटीची ऑफर आली तेव्हा पेढे त्यांनीच वाटले होते, त्यामुळे विषय तिथेच संपला.

घरमालक सत्तरी ओलांडलेले. फिनिक्सबाहेर त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहतो. काडतुसं स्वतः भरायचा त्यांना जुना नाद. गोळी उडाली की पितळेची केस शिल्लक राहते. ती डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर, नवी दारू, नवी गोळी. हरणाच्या शिकारीची त्यांची बोल्ट-ॲक्शन रायफल आहे, थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची. तिच्यासाठी ते वर्षानुवर्षं 'नेक डाय' वापरत आलेत. ही डाय केसची फक्त मान आवळते, बाकी अंगाला हात लावत नाही. केस त्याच रायफलच्या चेंबरमध्ये फुगलेली असते, त्यामुळे परत तिथेच बरोबर बसते. जराशी घट्ट असली तरी बोल्टचा दांडा हाताने रेटला की काम होतं.

मग त्यांचे थोरले भाऊ वारले आणि त्यांची एम-वन गॅरंड यांच्याकडे आली. अमेरिकन सैन्याने 1936 साली स्वीकारलेली, जॉन गॅरंड यांनी घडवलेली सेमी-ऑटोमॅटिक रायफल. काडतूस तेच. घरमालकांनी जुन्या केसेस जुन्याच डायमधून काढून भरल्या आणि पहिलंच काडतूस अर्ध्यात अडकलं.

इथे रेटायला हात नसतो. स्प्रिंग बोल्टला पुढे ढकलते, तेवढीच ताकद. शिवाय फायरिंग पिन मोकळी असते. बोल्ट आपटला की ती प्रायमरला हलकासा टोचा देते. बोल्ट पूर्ण कुलूपबंद व्हायच्या आत काडतूस उडालं, तर ते सगळं चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर घडतं. घरमालक अडकलेल्या बोल्टवर तळहाताने ठोकायच्या बेतात होते. शेजारच्या माणसाने थांबवलं. हे त्यांनी हसत सांगितलं, पण सांगताना हात पॅन्टला पुसत होते.

आता एक अडचण माझी. मी एच-वन-बी वर. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर आमच्यासारख्यांनी बंदूक किंवा दारूगोळा बाळगणं तिथल्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत रिकामी केससुद्धा दारूगोळाच. म्हणून आमची वाटणी ठरली: केसला हात त्यांनी लावायचा, कॅलिपरचा आकडा त्यांनी वाचायचा, मी समोर स्टुलावर बसून एक्सेलमध्ये लिहायचं. पितळेचा तो तुकडा मी आजवर एकदाही धरलेला नाही.

डाय निवडताना ब्रँडचा प्रश्न फारसा नव्हता. आरसीबीएस, रेडिंग, हॉर्नडी, ली, कुणाचीही घ्या. आटे ठरलेले, सात-अष्टमांश इंच व्यास आणि इंचाला 14. त्यांच्या प्रेसला सगळ्या बसतात. खरा प्रश्न प्रकाराचा होता. एक साधी 'फुल लेंग्थ', सगळं अंग आवळणारी. दुसरी 'स्मॉल बेस', जी बुडाशी आणखी थोडं जास्त दाबते. मी रात्र जागून वाचलं आणि दुसरी सुचवली. सेमी-ऑटोला सुरक्षित म्हणून. घरमालक म्हणाले, पितळ जितकं जास्त दाबाल तितकं लवकर मरतं. त्यांनी साधी आणली.

पहिल्या दहा केसेस दाबल्या, गेजमध्ये टाकल्या. दहाही वर राहिल्या. मला आतून जरा बरंच वाटलं. स्मॉल बेसची ऑर्डर टाकायला मोबाइल काढला आणि वेळ पाहिली. भारतात सकाळ. उगाचच बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

बाबांनी बंदूक वगैरे काही विचारलं नाही. "डाय जरा जवळून दाखव," म्हणाले. मग, "दाबायच्या आधीची लांबी काय, नंतरची काय?"

मी आधीची मोजून घेतलीच नव्हती. घरमालकांनी एक न दाबलेली केस घेतली, बुडापासून खांद्यापर्यंत मोजली, दाबली, परत मोजली. लांबी वाढली होती. दाबल्यावर वाढली! मला वाटलं कॅलिपर घसरला.

"वाढणारच," बाबा म्हणाले. "बाजूनं आवळलंस, वरून मोकळं ठेवलंस. धातू जाणार कुठे? डाय अजून खाली घे."

तेच होतं. घरमालकांनी जुन्या सवयीने डाय थोडी वर ठेवली होती, त्यामुळे अंग आवळलं जात होतं आणि खांदा पुढे सरकत होता. डाय खाली फिरवली. शेल होल्डरला टेकवून आणखी किंचित. केसला वंगण लावलं, कारण बाटलीच्या आकाराच्या केसला त्याशिवाय चालत नाही, ती डायमध्येच रुतून बसते. मग एकेक दाबत, मोजत, फिरवत गेलो. भावाच्या डब्यातल्या कारखान्याच्या गोळ्या झाडून गॅरंडमधूनच निघालेल्या काही केसेस होत्या. त्यांच्या तुलनेत खांदा इंचाचे तीन ते चार हजारांश मागे हवा होता. जास्त मागे नेला तर केस झाडताना ताणली जाते आणि कधीतरी बुडाजवळ तुटते, म्हणून तिथेच थांबायचं.

बाबा पाऊण तास कॉलवर होते. मध्येच आई चहा ठेवून गेली, तो तसाच गार झाला. घरमालक इंग्रजीत विचारायचे, बाबा अर्धं मराठी अर्धं टूलरूमच्या भाषेत सांगायचे, आणि बहुतेक वेळा मला भाषांतर करावं लागलं नाही. माझ्या कामाबद्दल बाबा दर रविवारी विचारतात, "सगळं ठीक?" आणि मी "ठीक" म्हणतो. त्यांच्या कामाबद्दल मी विचारलेला हा पहिला प्रश्न असावा.

साध्या डायमधल्या वीसही केसेस गेजमध्ये बसल्या. स्मॉल बेस लागलीच नाही.

पुढच्या शनिवारी रेंजवर मी रेषेच्या मागे, कानाला मफ, हात जॅकेटच्या खिशात. पहिल्या गोळीला मी श्वास धरला होता. मग दुसरी, तिसरी. आठ झाल्या आणि रिकामी क्लिप टिंग करून उडाली. घरमालकांनी वळून अंगठा दाखवला. मी रेकॉर्डिंग बाबांना पाठवलं.

पाच मिनिटांत उत्तर आलं: "केसेस परत मोजल्या का?"

घरमालक तोवर वाकून त्या वेचायला लागलेच होते.